पहिली माती

पास्कल त्रिभुवन सर श्रीरामपूरला कॉलेजात इतिहास शिकवायचे. स्पेनचा एक धडा दरवर्षी रंगवून सांगायचे. राजा गेला, मागे एक लहानगी लेक राहिली. "बाईला गादी कसली? धर्म बुडेल!" म्हणत राजाचा सख्खा भाऊ उठला, आणि देव-देश-राजा ओरडत पिढ्यान् पिढ्या माणसं मरत राहिली. तास संपताना सर खडू खाली ठेवून विचारायचे, "बोला, हा काका धर्मवेडा की लोभी?"

परवा सरांचा थोरला भाऊ वारला. त्याची एकुलती एक लेक मोनिका, सरांचीच जुनी विद्यार्थिनी. कबरीत पहिली माती देईल तो वारस, त्याचीच जमीन, असं त्यांच्या गावात सगळे धरून चालतात. मोनिका मूठ भरून पुढे झाली, तसं सरांनी तिचं मनगट धरलं.

"पोरीच्या हातची माती आपल्या धर्मात चालत नाही. हो मागं."

फादर खाली बघत राहिले. सरांनी पहिली माती दिली आणि हात झटकले.

मोनिकाने मातीची मूठ तशीच धरून, वर्गात करायची तसा हात वर केला.



"सर, धर्मवेडा की लोभी?"