जपलात तर टिकेल

बोलिंग अ‍ॅलीला लागून असलेल्या दुरुस्तीच्या दुकानात तो घामाघूम होऊन शिरला. टॉवेलात गुंडाळलेला जड बॉल त्याने तान्ह्या बाळासारखा कारागिराच्या हातात दिला.

"महागातला आहे. किती वर्षं टिकेल?"

कारागिराने बॉल फिरवून बोटांची भोकं तपासली. "जपलात तर तुम्हाला पुरून उरेल. खेळून झालं की लगेच पुसायचा, लेनवरचं तेल पितो हा. आणि उन्हात उभ्या गाडीत चुकूनही ठेवायचा नाही. तडा जातो."

खिशातला फोन वाजला. त्याने नाव बघितलं आणि कापला.

"छे हो, गाडीत कसला ठेवतोय? काचा लावल्या की दहा मिनिटांत नुसती भट्टी होते. दोन पावलं जायचं असलं तरी मी याला बरोबर घेतो."

फोन पुन्हा वाजला, त्याने पुन्हा कापला.

कारागीर खूश झाला. असा जीव लावणारं गिऱ्हाईक विरळाच. "बसा, पॉलिश करून देतो. तासभर लागेल."

"लागू द्या की. गार आहे इथे." एसीखाली खुर्ची ओढून तो ऐसपैस बसला.

चकचकीत बॉल परत देताना कारागिराला आठवलं, फोन मघापासून वाजलाच नव्हता. "काही अर्जंट नव्हतं ना?"

"कसलं अर्जंट? बाबा होते. त्यांना पायी चालवत नाही म्हणून गाडीतच बसवून आलोय, तर जरा म्हणून दम नाही. आता झाले गप्प एकदाचे."