पाचांची यादी

चौथी यादी लिहायला घेताना तिने पेन बदललं. दंतवैद्यांसाठी निळी शाई, भूगोलाच्या मास्तरांसाठी शिसपेन्सिल, तारमास्तरांसाठी सुटी सुटी, एकमेकांना न शिवणारी अक्षरं. चौथ्यांना सगळे ‘सरकार’ म्हणत. त्यांच्यासाठी जाड निबाचं काळं पेन, कारण ते हयातभर हुकूम सोडल्यासारखं लिहीत आले होते.

चौघांचीही हयात सरून वर्षं लोटली होती.

बाहेरच्या खोलीत वडिलांची कानस पितळेवर कुरकुरत होती. रेल्वेचे डबे बांधायच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते, म्हणजे सगळ्यांचे मिस्त्री, वीतभर लांबीचे तसलेच डबे करत. हरभऱ्याएवढी चाकं, नखाएवढ्या खिडक्या. पाच गावांत पाच शौकीन होते. त्यांनी आपापल्या घरात छोटे रूळ अंथरले होते. दर वर्षी ते मागणी कळवत: यंदा टपालाचा डबा हवा, तेलाच्या टाकीचा हवा. मिस्त्री पाचांची मिळून एक मोठी यादी करत आणि तिची नक्कल प्रत्येकाला धाडत. मग परत येणाऱ्या नकलांच्या समासांतून एकमेकांना टोमणे झडत, आणि वर्षभरात प्रत्येकाचा एक डबा पुरा होई. पाचांतलं कुणी एकमेकांना किंवा मिस्त्रींना कधी भेटलं नव्हतं. मिस्त्रींना ऐकू कमी येई, म्हणून फोनचाही प्रश्न नव्हता.

दंतवैद्य गेल्याचं पत्र आलं तेव्हा मिस्त्री हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर नुकते घरी आले होते. तिने ते दडवलं, आणि शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या हाताने त्यांची यादी लिहून टाकली. एकदाच, असं स्वतःला बजावून. मग मास्तर गेले, तारमास्तर गेले, सरकार गेले. त्यांच्या नावाचे डबे ती दर वर्षी टपालात टाकायला म्हणून नेई आणि शाळेतल्या आपल्या कपाटात ठेवून येई. त्या अंधारात आता एक आख्खी गाडी उभी होती. तिला कुठेच जायचं नव्हतं.

पाचवी यादी मात्र खरी होती, घड्याळजींची. त्यांचं अक्षर अलीकडे थरथरू लागलं होतं. मागच्या वर्षी तर मिळालेला गार्डचा डबाच त्यांनी पुन्हा मागितला. पण जीभ तीच. “दंतवैद्यांना सांगा, इतक्या खिडक्या मागू नका, निम्म्या उपटाव्या लागतील.” ती एकटीच खळखळून हसली होती, आणि निळ्या शाईत तिने उत्तर दिलं होतं. पाचांत एक जिवंत माणूस असला की सगळंच काही खोटं ठरत नाही, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

तिने चार याद्या वडिलांपुढे ठेवल्या. मिस्त्रींनी त्या डोळ्यांजवळ नेल्या, लांब धरल्या, शेवटी बोटांनीच चाचपल्या.

“घड्याळजी राहिले?”

“येईल त्यांची. दोन दिवसांत.”

“येऊ दे. पण माझ्याच्याने आता होणार नाही. खिडकी कापतोय की बोट, कळत नाही.” त्यांनी फळीवरच्या तयार पाच डब्यांकडे मान केली. “हे शेवटचे.”

“बरं झालं. धाडते उद्या.”

“टपालाने नाही. पाचही जणांना बोलाव रविवारी.”

“बाबा, एवढ्या लांबून कसे येतील? सगळे थकलेत.”

“मी तरी कुठे मैदानात खेळतोय? तीस वर्षं नुसत्या अक्षरांसाठी डबे केले, पोरी. एकदा माणूस बघू दे. पाच नकोत, एक पुरे. एकाच्या हातात डबा ठेवला की मी सुटलो.” मग अगदी हळू म्हणाले, “एकही आला नाही, तर मी जन्मभर भिंतीशी बोलत होतो असं समजेन.”

एक. तो आकडा मुठीत धरल्यासारखा धरून ती दुसऱ्या दिवशी निघाली. ही गोष्ट पत्रात मावणारी नव्हती. घड्याळजींना सगळं सांगायचं, हातापाया पडायचं, पण रविवारी त्यांना दारात उभं करायचंच.

दार एका वृद्ध बाईंनी उघडलं.

“मी मिस्त्रींची मुलगी.”

बाईंचा हात कडीवरच राहिला. “ये गं. मी घड्याळजींची बायको. तुझ्या वडिलांची पत्रं पाठ आहेत मला.”

“काका आहेत?”

“आधी बस. पाणी घे. उन्हातून आलीयेस.”

तीन भिंतींना लागून रूळ फिरले होते. त्यांवर वडिलांचे सगळे डबे ओळीने उभे होते, धुळीचा कणही नसलेले. ते पाहून तिला राहवलं नाही.

“काकू, काका येईपर्यंत तुम्हालाच सांगते,” ती म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. निळी शाई, शिसपेन्सिल, जाड निब, शाळेतलं कपाट. “चौघांपैकी कुणीही उरलेलं नाही. याद्या मीच लिहिते.”

“दंतवैद्यसुद्धा?”

“ते सगळ्यांत आधी. आठ वर्षं झाली.”

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि घालायला विसरल्या. “पण ते केवढे चेष्टेखोर...” त्या म्हणाल्या.

“माझं चुकलंय, काकू. पण काकांना एवढं सांगा, रविवारी फक्त यायचं. बाबांना एक माणूस पुरे आहे.”

बाई उठल्या. टेबलाच्या खणातून एक कागद काढून त्यांनी तिच्यापुढे सरकवला. घड्याळजींची यंदाची यादी, दुसऱ्या ओळीत अर्धवट थांबलेली.

“सकाळीच लिहायला बसले होते मी,” बाई म्हणाल्या. “हे जाऊन सहावं वर्ष लागलं. पण बाकीचे चौघे लिहीत होते ना गं, म्हणून यांचीही लिहीत राहिले.”