काचेची पट्टी

शिळफाटा सोडून घाट चढायला लागलं की पहिल्याच वळणावर कड्याला भेग पडली होती, आणि भेगेच्या बरोबर खाली चंद्राबाईचं चहाचं खोपटं होतं. पाहणीला आलेल्या साहेबांनी त्या भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं बसवली.

"कडा जरा जरी सरकला, तरी ही काच तडकणार," ते म्हणाले. "मग मात्र तुमचं खोपटं उठवावं लागेल, बाई."

"उठून जाऊ कुठं, सायेब? गावाला टीचभर जागा नाय माजी."

पावसाळाभर साहेबांची जीप दर महिन्याला यायची. ते पट्टी न्याहाळायचे, चहा प्यायचे आणि जायचे. एरवी वरून चार खडे घरंगळले, तरी चंद्राबाई किटली तशीच टाकून पट्टी बघायला धावायची.

दिवाळीच्या तोंडावर साहेब खुशीत आले. "काचेला साधा चरा नाही! आता ट्रकसुद्धा इथं खुशाल थांबू देत."

चंद्राबाई कशीबशी हसली आणि चहा गाळायला पाठमोरी झाली. समोर कुडाच्या भिंतीवर तसबिरी टांगल्या होत्या आणि खाली चुलीमागं सिमेंट लागलेली थापी दडवलेली होती. सासऱ्याच्या फोटोला काच नव्हती. नवऱ्याच्या फोटोलाही नव्हती.



आता फक्त बुद्धाच्या तसबिरीची काच उरली होती.