दुसऱ्या फाईलीची पहिली ओळ

आरती घोडेगावला नांदायला गेली ते साल २००५. त्याच वर्षी मार्चमध्ये एका शुक्रवारी तिची भावजय इंद्रायणी जुन्नरच्या बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात घड्याळाकडे बघत बसली होती. साडेअकरा झाले होते. बाराला लाइट जाणार. त्याआधी वेबसाइटचं पान पुण्याच्या कंपनीला पोचलं नाही, तर वर्षभराचं काम हातचं जाणार. दोनदा परत आलं होतं. ही शेवटची वेळ.

तपासणीत पुन्हा तेच. एकेचाळीस तक्ते, एकेचाळीस चुका. प्रत्येक तक्त्याच्या सुरुवातीला ‘एक्सएमएलएनएस’, म्हणजे भाषेचा पत्ता लिहायची खूण, आणि पुढे नुसती रिकामी अवतरणचिन्हं.

“मी हे लिहिलंच नाही,” ती म्हणाली. “पान तयार करताना मशीनच चिकटवतंय.”

बाकावर तिचे सासरे धर्माजी टॉवेलानं मान पुसत होते. लेकीकडे घोडेगावला राहायला गेले होते, ते आरतीनं टाइप केलेल्या फाईलीची फ्लॉपी घेऊन सकाळच्या एसटीनं आले होते.

“मामा, केवढा घाम आलाय! दवाखान्यात जाऊन येऊ या.”

“एष्टीत उभ्यानं आलो, पित्त झालंय. तू तुझं बघ. न्हाईतर आरती म्हणंल, बापानं फ्लॉपीबी आणली आन् कामबी घालवलं.”

दोन्ही गावांत लाइट वेगवेगळ्या वेळी जाई, म्हणून दोघींनी काम वाटून घेतलं होतं. पानाचा साचा हिनं इथं लिहिला, तक्त्यांचा आरतीनं तिथं. इंद्रायणीनं दोन्ही फायली शेजारी शेजारी उघडल्या. हिच्या फाईलीत पहिल्याच ओळीत पानाच्या भाषेचा पत्ता होता. आरतीच्या फाईलीत तो नव्हताच. म्हणून मशीन तिचा प्रत्येक तक्ता परका धरत होतं आणि त्यावर रिकामा पत्ता लिहीत होतं.

“सापडलं! मीच तिला सांगायला विसरले.”

“पोरीला बोलू नगंस,” धर्माजी हळूच म्हणाले.

तिनं पत्ता दुसऱ्या फाईलीत टाकला. पान नव्यानं काढलं. चुका शून्य. मेल गेला, आणि डोक्यावरचा पंखा थांबला.

“चला मामा, आता जाऊ.”

धर्माजींनी मान हलवली, पण त्यांना उठवेना.

दवाखान्याच्या वाटेवर, रिक्षात, धर्माजी वारले. अठरा मार्च, दुपारी सव्वाबारा.