मूळचा सायलेन्सर

नव्या स्पोर्ट्सकारसाठी तीन सायलेन्सर ऐकून त्यानं सगळ्यांत दणदणीत निवडला. गाडी म्हणजे नुसता वाघ! पहिल्या फेरीला बाबांना शेजारी बसवलं. एरवी चकार शब्द न काढणारे बाबा पुलावर त्याच्याकडे वळून काहीतरी सांगू लागले. गडगडाटात त्याला ओ की ठो कळेना. आवाजाचीच कुरकुर समजून तो ओरडला, "होईल सवय!" बाबा गप्प झाले. महिन्याभरात ते गेले. नंतर आईनं विचारलं, "गाडीत बोलले ना रे तुझ्याशी? कधीचे मनात जुळवत होते. मलासुद्धा सांगितलं नाही." माळ्यावरचा मूळ सायलेन्सर घेऊन तो गॅरेजमध्ये गेला. "काय साहेब, वाघाची शेळी करताय?" मेकॅनिक हसला. परतताना गाडी इतकी शांत होती, की शेजारच्या मोकळ्या सीटबेल्टची खुटखुटही ऐकू येत होती. पुलावर वेग कमी करत तो म्हणाला, "बाबा, आता सांगा."