नंबर सतरा

संशोधनाचे नियम करणाऱ्या साहेबांनो, माणसाला नंबर द्यायला तुम्ही शिकवलंत. त्या नंबरामागच्या माणसाशी काय बोलायचं, हे का नाही शिकवलंत?

स्मृतिभ्रंशावरच्या प्रबंधासाठी एका विद्यार्थिनीला तुलनेला वीस धडधाकट मेंदू हवे होते. तिला मेंदूविज्ञान शिकवणाऱ्या मॅडम आपणहून स्कॅनला आल्या. "आत काही सापडलंच तर मला सांग गं," म्हणून हसल्याही. त्यांना नंबर मिळाला सतरा. सतराचा मेंदू धडधाकटांत बसेना, तेव्हा तिने तो गुपचूप गाळला. स्वयंसेवकांना निकाल कळवायचे नाहीत, या नियमाआड ती दोन वर्षं तोंड लपवून बसली.

मॅडमच्या निवृत्तीच्या सत्कारात तिने छापील प्रबंध त्यांच्या हातात ठेवला. पहिल्याच पानावर होतं, 'माझ्या गुरूंना'. मॅडम मात्र सवयीप्रमाणे आधी तळटिपा वाचू लागल्या. एकीवर बोट थांबलं: 'क्रमांक सतरा निरोगी नसल्याने वगळला.'

त्यांनी पर्समधून छोटी वही काढली आणि पानं चाळली.

"हल्ली सगळं लिहून ठेवावं लागतं गं मला. सतरा म्हणजे मीच ना? मग सांगितलं का नाहीस?"