पहिला घोट

सारवलेल्या अंगणात बसलेल्या ग्रीक यवन व्यापाऱ्याने आजही ताकाचा पहिला घोट हळूच जमिनीवर ओतला, आणि चुलीपुढून पाहणारी वासिठी नवऱ्याकडे वळली.

"बघितलंत? तीन दिवस झाले. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतो नि ओततो. करणीच आहे ही."

"मग दे की हाकलून," नवरा म्हणाला. "समुद्रापलीकडचा माणूस. काय घेऊन आलाय कोण जाणे!"

हाकलायचं कसं? नाणेघाटाच्या पायथ्याशी आल्यागेल्याला जेवू घालून मगच आपण जेवायचं, हे तिचं बारा वर्षांचं व्रत. पाहुणा उपाशी गेला तर व्रत मोडणार, आणि राहिला तर घराचं काय होईल?

शेवटी ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "पाहुणे, खरं सांगा. माझ्या ताकात विष आहे, की तुमच्या मनात?"

सोपारा बंदराच्या बाजारात शिकलेल्या मोडक्या बोलीत तो गडबडून म्हणाला, "नाही, आई! पहिला घोट देवाचा. त्याच्याआधी मी कसा पिऊ?"

वासिठीची नजर कुंपणाकडे गेली. सकाळी तिनेच देवाच्या नावाने काढून ठेवलेला भाताचा पहिला घास तिथे कावळा टिपत होता.

ती आत गेली, ताकाचं मडकं घेऊन आली आणि त्याचा पेला काठोकाठ भरला.

"देवाच्या वाट्यापायी पाहुण्याची तहान नको राहायला," ती हळूच म्हणाली.